फॉरेनला निघालात? आधी फराळाचा डबा उघडून बघा

दिवाळी झाली की आमच्या बिल्डिंगमधून कोणी ना कोणी फॉरेनला निघतंच. कोणी लेकीकडे दुबईला, कोणी टूरबरोबर सिंगापूरला. आणि तयारी म्हणजे काय, तर नवीन ट्रॉली बॅग, नाशिकच्या कॉलेज रोडला खरेदी आणि पाच किलो खाऊ. व्हिसा तिकीट एजंट बघतो, पण बॅगेत काय भरलंय ते एजंट बघत नाही, ते तिकडचा कस्टमवाला बघतो.

सगळ्यात मोठी भानगड खसखशीची. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, त्यामुळे आपल्याकडे वाण्याकडे सर्रास मिळते तरी यूएईमध्ये, म्हणजे दुबईकडे, चक्क बंदी आहे, ड्रग्जच्या कायद्यात येते ती, आणि सिंगापूरलाही चालत नाही. आता आपला फराळ आठवा. अनारसा खसखशीवरच थापतात, करंजीच्या सारणात ती, डिंकाच्या लाडवात ती, बऱ्याच घरच्या काळ्या मसाल्यातही भाजून घातलेली असते आणि ती तर दिसतही नाही. शेजारच्या काकूंनी लेकीसाठी स्टीलच्या डब्यात अनारसे बटर पेपर घालून एकावर एक लावून ठेवले होते, सगळ्यांवर खसखस अगदी खच्चून. मी म्हटलं काकू हे इथेच राहू दे, तर म्हणाल्या अगं चिमूटभर तर आहे! आता चिमूटभर असली काय नि किलोभर असली काय, एअरपोर्टवर कोणाकोणाला समजावत बसणार? शेवटी दुसरा घाणा तिळावर थापला आणि पहिला डबा आमच्याकडे आला, माझी काही तक्रार नाही.

खोबऱ्याचंही तसंच. खोबऱ्याच्या वाट्या आपल्या इथूनच विमानात नेऊ देत नाहीत, २०२२ पासून चेक-इनच्या सामानातही बंदी आहे कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. लोणचं, तूप वगैरे चेक-इनच्या बॅगेत, डबल पिशवीत, झाकणाला टेप लावून. केबिन बॅगेत १०० मिलीच्या वर पातळ काहीच नको. पॉवर बँकेचं बरोब्बर उलटं, ती चेक-इनमध्ये अजिबात नाही, हातातल्या बॅगेतच.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तर अजून सांभाळा. दुधाची मिठाई, बिया, ताजी फळं या सगळ्यावर त्यांचा डोळा असतो (द्राक्षांची पेटी न्यायची आयडिया काढून टाका डोक्यातून). विमानात जो फॉर्म देतात त्यावर खाण्याचं आणलंय असं सरळ लिहायचं. लिहिलेलं असलं आणि चालत नसलं तर ते काढून घेतात, विषय संपला. लपवलेलं सापडलं तर मात्र दंड, तोही डॉलरमध्ये. आपला चिवडा पॅकबंद नेलेला बरा, वर घटक छापलेले असतात, समोरच्याला वाचता येतात.

औषधांकडे तर कोणी बघतच नाही. कोडीनवालं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलची दुखण्याची गोळी, या यूएईत परवानगीशिवाय नेता येत नाहीत, परवानगी ऑनलाइन आधी काढावी लागते. जपानला सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाच्या वर असलं तर चालत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, वाराप्रमाणे कप्पे असलेल्या डबीत काढून नेऊ नका, आणि डॉक्टरांकडून इंग्लिशमध्ये टाइप केलेलं प्रिस्क्रिप्शन घ्या. हाताने लिहिलेलं आपल्या मेडिकलवाल्याशिवाय कोणाला वाचता येतंय!

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने तरी चालू पाहिजे. नाव आणि आडनावाचे रकाने बघा, जुन्या पिढीतल्या बायकांच्या पासपोर्टवर कधी कधी नुसतं एकच नाव असतं आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून यूएई तशा पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाला घेत नाही. तिकिटावर लग्नानंतरचं नाव आणि पासपोर्टवर माहेरचं, हाही घोळ आधीच निस्तरा.

पैशाचं एकच सांगते. तिकडे कार्ड मशिनला लावलं की स्क्रीन विचारते, रुपयांत घेऊ की तिथल्या करन्सीत? आपल्याला रुपये दिसले की बरं वाटतं पण तिथलीच करन्सी निवडायची, रुपयांचा भाव ते आपल्या सोयीने लावतात आणि तो महाग पडतो.

आणि नाशिककरांसाठी खास. आपल्या ओझरच्या विमानतळावरून थेट फॉरेनला जाता येत नाही, मुंबई गाठावीच लागते. ११ तारखेच्या रात्री दीडचं विमान म्हणजे तिकिटावर १२ तारीख असते, तेव्हा गाडी ११ ला संध्याकाळी बुक करायची, बारा तारखेची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला दोनदा सांगा. तीन तास आधी पोचायचं म्हणजे साडेदहा, म्हणजे नाशिकमधून पाचला निघा, उशिरात उशिरा. इगतपुरी ते आमणे समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाची कटकट टळते, पण पुढे भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक आहे तिथेच आहे. आता नवी मुंबईचं विमानतळही चालू झालंय, त्यामुळे तिकिटावर बीओएम (मुंबई) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबई) ते बघून मगच ड्रायव्हरला पत्ता द्या.