दिघ्याच्या डोंगरउतारावरून दवाखान्यापर्यंत : नकाशाची तिसरी नोंद

मागील नोंदीतील नकाशात मी नवी मुंबईतील प्रत्येक सार्वजनिक दवाखान्याभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले होते. तो नकाशा मी आता रद्द केला आहे आणि घरापासून दवाखान्यापर्यंत चालत किती वेळ लागतो, हे दाखवणारा नकाशा करतो आहे. वर्तुळाला ठाणे-बेलापूर रस्ता दिसत नाही, त्याला समांतर जाणारा रेल्वेमार्ग दिसत नाही, औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या कुंपणभिंती दिसत नाहीत आणि पारसिकच्या डोंगराचा चढही दिसत नाही. दिघा-इलठणपाडा भागात उतारावर राहणाऱ्या माणसाची वाट मात्र याच गोष्टी ठरवतात.

दवाखान्यांची यादी नीट करण्यातच बराच वेळ गेला. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी भरलेल्या खुल्या नकाशाची माहिती ओव्हरपास टर्बो या संकेतस्थळावरून उतरवताना सुरुवातीला मी फक्त बिंदू मागवले होते, त्यामुळे ज्या रुग्णालयांची इमारत बाह्यरेषेने रेखाटलेली आहे, ती यादीत आलीच नाहीत. इमारतीही मागवल्यावर उलट अडचण झाली : एकच रुग्णालय बिंदू म्हणूनही आले आणि इमारत म्हणूनही. ही दुबार नावे हातानेच काढणे मला सुरक्षित वाटले. शिवाय ‘हॉस्पिटल’, ‘क्लिनिक’ आणि ‘डॉक्टर्स’ हे टॅग, म्हणजे ठिकाणाचा प्रकार सांगणाऱ्या खुणा, नोंदवणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे लागलेले असतात, म्हणून महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रे मी महापालिकेच्या यादीशी ताडून वेगळ्या स्तरावर ठेवली.

या वेळचा खरा बदल चढउताराचा आहे. उंचीसाठी एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार मोजणीची ३० मीटर चौकटींची जाळी घेतली आणि पायवाटेच्या प्रत्येक तुकड्यावरील चालण्याचा वेग टोब्लरच्या सूत्राने, म्हणजे उतारावरून चालण्याचा वेग सांगणाऱ्या सूत्राने, काढला. या सूत्राप्रमाणे सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर असलेला वेग २० टक्के चढावर अडीच किलोमीटरवर येतो, तर तेवढ्याच उतारावर तो साडेतीन किलोमीटर राहतो. म्हणजे दिशा बदलली की वेळ बदलते. आपल्या नकाशे करणाऱ्यांपैकी बरेच जण दवाखान्यापासून बाहेरच्या दिशेने पंधरा मिनिटांत चालून पोहोचता येणारे क्षेत्र काढतात, परंतु डोंगरावरील वस्तीच्या बाबतीत त्यातून रुग्णाच्या परतीच्या चढणीची वेळ मिळते, जाण्याची नव्हे. मी दोन्ही वेळा स्वतंत्र काढल्या आणि जास्त असलेली वेळ नकाशासाठी धरली, कारण तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन आलेल्या आईला तो चढ चढूनच घरी जायचे असते.

लोकसंख्येबाबत मी सावध आहे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषानुसार साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित आहे, आणि २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाखांहून अधिक होती. संपूर्ण शहराची सरासरी काढली, तर उतारावरील पाड्यांची उणीव त्या सरासरीत बुडून जाते. वर्ल्डपॉप या प्रकल्पाची लोकसंख्येची १०० मीटरची जाळी अधिक बारीक दिसते खरी, परंतु तीही जनगणनेचे आकडे गणिती प्रारूपाने चौकटींत वाटून तयार केलेली असल्यामुळे मी ती फक्त दोन वस्त्यांची तुलना करण्यासाठी वापरतो.

नकाशावरील रिकामी जागा म्हणजे सेवेची उणीव की नोंदीची उणीव, हे घरी बसून कळत नाही. एका रविवारी वस्तीतील आशाताईंबरोबर चाललो, तेव्हा त्या रोज वापरतात तो पायऱ्यांचा मार्ग ओपनस्ट्रीटमॅपवर नव्हताच. तो जीपीएसने नोंदवून मी भरला आणि तिथल्या काही घरांची वेळ लगेच कमी झाली. मात्र ताईंनी हेही सांगितले, की पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात आणि गरोदर बायका त्या टाळून लांबच्या रस्त्याने रिक्षाने जातात. त्यामुळे आता पायऱ्या वगळलेले वाटांचे दुसरे जाळे पावसाळ्यासाठी तयार करतो आहे.

बाह्यरुग्ण विभागाच्या वेळांचा स्तर अजून अपुरा आहे. दिवसपाळीच्या कंत्राटी कामगाराला सकाळीच चालणारा विभाग जवळ असूनही मिळत नाही, म्हणून प्रत्येक केंद्राच्या दारावरील फलक पाहूनच वेळ भरायची, असे मी ठरवले आहे. रबाळे आणि तुर्भे बाजूच्या उतारावरील पायवाटा कोणी स्वतः चालून नोंदवल्या असतील, तर त्यांचे जीपीएस माग (चाललेल्या वाटेची नोंद) मला हवे आहेत; व्यापारी नकाशांवरून उतरवलेल्या वाटा परवान्याच्या अटींमुळे ओपनस्ट्रीटमॅपवर भरता येणार नाहीत.