आमची वाटचाल : दर्यापूर तालुक्यातली बायोचिप

आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं काम वडिलांपासूनचं, लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, बियाण्याच्या थैल्या. २०१७ च्या सीझनला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून घरात तोच विषय. पुतणी अमरावती विद्यापीठात केमिस्ट्रीत एमएस्सी करत होती, ती म्हणे काका, शुगर तपासायच्या बऱ्याच पट्ट्या स्क्रीन प्रिंटिंगनेच छापतात, मग पाण्यात फवारणीचं औषध आहे का ते सांगणारी पट्टी आपण काहून नाही छापायची?

तिथून सुरू झालं. प्लॅस्टिकच्या शीटवर आधी चांदीच्या पेस्टच्या वायरी, मग कार्बन, मग सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत बाकीचं मोजायचं तो), वरून इन्सुलेशनचा थर. त्या थरात जेवढं गोल उघडं ठेवाल तेवढाच इलेक्ट्रोड काम करतो, म्हणून सगळा जीव त्या गोलाच्या काठात. शीट ओव्हनमध्ये आकसते आणि दुसरा रंग सरकतो, हे प्रिंटिंगवाल्याला सांगावं लागत नाही, शीट आधीच तापवून घ्यायची.

कार्बनवर ॲसिटाइलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम बसवतो. त्याला त्याचं खाद्य दिलं की थायोकोलिन तयार होतं आणि इलेक्ट्रोडवर करंट येतो. ऑर्गेनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक या एन्झाइमलाच मारतं (माणसाच्या नसांमध्येही तेच होतं), म्हणजे करंट जितका पडला तितकं औषध जास्त. भाजी धुतलेल्या पाण्यात व्हिटॅमिन सी असलं तर त्याचाही करंट येतो, म्हणून एका चिपवर (पट्टीलाच आम्ही चिप म्हणतो) दोन वर्किंग, म्हणजे माप घेणारे, इलेक्ट्रोड ठेवले, एक एन्झाइमवाला, एक बिनएन्झाइमचा, आणि दुसऱ्याचा करंट पहिल्यातून वजा.

पण खरी डिझाइन आम्हाला आमच्या पाण्याने शिकवली. आमचा भाग पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यातला, जमिनीखालचं पाणी खारं. एका गावच्या गोड्या विहिरीवर आकडे बरोबर आणि शेजारच्या खाऱ्या विहिरीवर वेगळेच, दोन्हीकडे फवारणी नाही तरी. पुतणीने बसून हिशोब केला : उघड्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा व्होल्टेज पाण्यातल्या क्लोराइडवर चालतो, क्लोराइड दहापट वाढलं की साधारण ५९ मिलिव्होल्ट सरकतो, आणि रेफरन्सच सरकला तर बाकी मापाला अर्थ काय राहिला? उपाय साधा निघाला, नमुन्यात आधी ठरलेल्या मापाचं पोटॅशियम क्लोराइडचं बफर (द्रावण) टाकायचं, मग विहिरीचा खारेपणा त्यापुढे किरकोळ ठरतो. गोड्या पाण्याच्या गावात बसून हे आम्हाला दिसलंच नसतं, असं मला मनापासून वाटते.

ओव्हन चालवायला लाइट पाहिजे, आमच्याकडे ती कधी येईल ते ठरलेलं नसते, म्हणून प्रिंटिंग बरंचसं रात्री करतो. एन्झाइमला गर्मी सोसत नाही आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, म्हणून ट्रेहॅलोज साखरेत सुकवतो, तरी पार्सल एसटीने थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पॅकसोबतच जाते.

एक गोष्ट मी प्रत्येकाला आधी सांगतो. ही चिप ऑर्गेनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोनच जातींची कीटकनाशकं ओळखते. इमिडाक्लोप्रिड हे वेगळ्या जातीचं कीटकनाशक किंवा ग्लायफोसेट हे तणनाशक तिला दिसत नाही. क्लोरपायरिफॉस ऑर्गेनोफॉस्फेटच, पण त्यासाठी नमुना आधी ऑक्सिडाइज करावा लागतो, नाहीतर औषध असून नाही म्हणेल. आणि फवारणी करणाऱ्याच्या रक्तावर लावा म्हणून लोक फार आग्रह करतात, पण रक्ताची चिप म्हणजे मेडिकल डिव्हाइस, त्याला २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमांप्रमाणे लायसन लागते, ते मिळेपर्यंत आम्ही रक्ताला हात लावत नाही, कितीही ओळखीचा माणूस असो.

सध्या भाजीपाल्याचे गट पट्ट्या नेतात, काही विहीरमालक पण. परवा एक म्हातारबा आले, "हे पानी प्याव का नाई, तेवढं सांगा बाप्पा." त्यांना सांगितलं की फवारणीच्या या दोन जातींपुरतं सांगू शकतो, बाकीसाठी सरकारी पाणी तपासणीच्या लॅबमध्येच द्या. तुम्ही येणार असाल तर स्वच्छ बाटलीत पाणी आणा, विहीर खारी की गोडी ते सांगा आणि शेवटची फवारणी कोणत्या औषधाची झाली तो डबा किंवा त्याचा फोटो सोबत असू द्या.