शेमापासून सुरुवात

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. ठाण्याच्या शार हशामाईम या १८७९ सालच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आम्हा बेने इस्राएलींच्या, कोकणातल्या मराठीभाषक यहुद्यांच्या, प्रार्थनामंदिरात दहा पुरुष जमले, कारण दहा जणांवाचून कद्दीश ही प्रार्थना म्हणता येत नाही, आणि प्रार्थना चालवणाऱ्या हाझानकाकांनी देवनागरीत लिहिलेला एक कागद माझ्या हातात ठेवला. ‘यित्गद्दल वयित्कद्दश शमेह रब्बा’ असे मी अडखळत वाचले. ती भाषा हिब्रू नसून अरामी आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मृतासाठी म्हटल्या जाणाऱ्या त्या प्रार्थनेत मृत्यूचा एकही उल्लेख नाही आणि ती मुख्यतः देवाच्या नावाची स्तुती आहे, हेही मला कोणी सांगितलेले नव्हते. खरे म्हणजे मीच कधी विचारले नव्हते. ‘परमेश्वर एकच आहे’ ही ग्वाही देणारा शेमा मला पाठ होता, कारण आजी निजताना तो म्हणवून घेत असे. त्यापलीकडे माझ्या धर्मातले मला फारसे काही येत नव्हते. पुढचे अकरा महिने कद्दीश म्हणायचे, तर ते समजून म्हणावे, एवढ्या इच्छेने मी शिकायला लागलो. माझ्यासारखेच घरातून थोडेसे घेऊन निघालेले आणि आता परत वळू पाहणारे अनेकजण आहेत, म्हणून या तीन वर्षांत मला काय उपयोगी पडले ते येथे मांडतो.

सुरुवात इंटरनेटवरूनच झाली आणि पहिल्याच टप्प्यावर एक अडचण जाणवली. इंग्रजीत उपलब्ध असलेले बहुतेक साहित्य अमेरिकेतील, मुळात पूर्व युरोपातून तेथे गेलेल्या यहुद्यांनी आपल्या वाचकांसाठी लिहिलेले आहे. त्यातील ज्ञान अस्सल आहे, परंतु त्यात येणारी आजी, तिचे स्वयंपाकघर आणि तिचे उच्चार माझे नव्हेत. एका ऑनलाइन वर्गात मी आमच्या मलिद्याच्या ताटाविषयी विचारले, तेव्हा शिक्षकांनी ही प्रथा ‘यहुदी नव्हे, स्थानिक’ असे एका वाक्यात सांगून विषय संपवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या ताटाभोवती बसून आमच्या घरी प्रत्येक लग्नाआधी आणि प्रत्येक नवसानंतर एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे नाव घेतले गेले, ते गोड पोह्यांचे आणि फळांचे ताट बाजूला सारून मला पुढे जायचे नव्हते. बेने इस्राएलींना असे प्रश्न नवे नाहीत. इस्राएलमध्ये गेलेल्या आपल्या लोकांच्या विवाहांबाबत तेथील रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, मंडळाने शंका उपस्थित केली, तेव्हा आपले लोक आंदोलनाला बसले आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी असल्याचा ठराव केला.

त्यामुळे शिकण्याचा क्रम मी बदलला आणि आधी आपल्या समाजाचा इतिहास वाचायला घेतला. तो वाचताना मला जे सापडले ते मला फार मोलाचे वाटते: ही परतीची वाट आपल्या पूर्वजांनी एकदा चाललेली आहे, आणि तीही मराठीतून. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ही परंपरागत कथा आपल्याकडे सर्वांना माहीत असते. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली गेली. उरला तो शेमा, आठव्या दिवशीची सुंता, खाण्याचे नियम आणि शनिवारची सुट्टी. कोकणात तेलाचा घाणा चालवणाऱ्या या लोकांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणत. डेव्हिड रहाबी नावाच्या गृहस्थाने खवले आणि पर असलेले मासे बायकांनी वेगळे काढलेले पाहून त्यांना ओळखले, अशी कथा आहे. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सामुएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, कोचीनहून शिक्षक आले, आणि मिशनरी जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. आपल्या लोकांनी मात्र त्यांच्याकडून भाषा घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले, हाईम सामुएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली. केहिमकरांनी लिहिलेला बेने इस्राएलींचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे छापला गेला. तो इंग्रजीत आहे, पण घरातील चालीरीतींचे इतके बारीक वर्णन त्यात आहे की कोणी एकच पुस्तक विचारले तर मी त्याचेच नाव सांगतो.

मिसरातील गुलामीतून सुटकेच्या सणाला, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री, वाचली जाणारी हग्गादा ही पोथी हिब्रू आणि मराठीत मुंबईत १८४६ मध्ये निघाली, आणि पुण्यात १८७४ मध्ये सचित्र हग्गादा शिळाप्रेसवर छापली गेली. या पुण्याच्या हग्गादातील काही चित्रे युरोपातील जुन्या हग्गादांवरून घेतलेली आहेत, परंतु बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका पाहा: त्या साडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. ते चित्र मी प्रथम पडद्यावर मोठे करून पाहिले, तेव्हा मला आजीची बसण्याची पद्धत दिसली. ज्यांनी ते छापले त्यांना शास्त्र आणि घर यांपैकी एकाची निवड करावी लागली नव्हती, आणि त्या वर्गातील एका वाक्याने माझ्या मनात जे राहिले होते ते या चित्राने निघून गेले.

दुसरे मोठे साधन आपल्या घरातील वयस्क माणसे, आणि ते साधन दरवर्षी कमी होत आहे. माझ्या आत्याने मला सणांची जुनी नावे सांगितली. रोश हशाना, म्हणजे नववर्ष, हा नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दार फळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घेऊन उपास करत. पुरीम म्हणजे होळीचा सण. वल्हांडण म्हणजे अनाशी ढाकाचा सण, म्हणजे आंबटाचे भांडे झाकून ठेवायचे दिवस. मंदिराच्या विध्वंसाचा शोक ज्या दिवशी करतात तो तिशा बआव आपल्याकडे बिरड्याचा सण होता, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खात. हिब्रू नाव विसरले तरी आंबवलेल्या पदार्थांचा निषेध आचरणात शिल्लक राहिला आणि दाराच्या फळीतून प्रायश्चित्ताचा दिवस ओळखता आला, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. ही नावे विचारून आजच लिहून ठेवावीत. कोणत्या घरात काय करत, कोणता पदार्थ कोणत्या दिवशी होई, हेही लिहावे. शुक्रवारी संध्याकाळी पेल्यावर म्हटल्या जाणाऱ्या किद्दूश या आशीर्वादासाठी वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेले शरबत, मटणात दुधाचा अंश येऊ नये म्हणून वापरलेला नारळाचा रस, नव्याच्या सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवा, हे सारे त्यात आले.

मूळ ग्रंथांसाठी सेफारिया हे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि तेथे तनाख म्हणजे यहुदी पवित्र ग्रंथसंग्रह, मिश्ना व तालमूद हे धर्मशास्त्राचे ग्रंथ आणि त्यांवरील भाष्ये हिब्रूत व बहुतांशी इंग्रजी अनुवादासह वाचता येतात. एवढ्या मोठ्या ग्रंथालयात शिरल्यावर माणूस हरवतो, म्हणून मी तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, साप्ताहिक वाचनाला धरून राहिलो. तोराचे ५४ भाग असून ते वर्षभरात वाचून पूर्ण होतात. या आठवड्याचा भाग शनिवारपूर्वी एकदा वाचायचा, एवढाच नियम मी केला. आधी तो मराठीत वाचावा, असे माझे ठाम मत आहे. मराठीत छापील स्वरूपात सहज मिळते ते ख्रिस्ती बायबल; त्याच्या ‘जुना करार’ या भागात ग्रंथ तेच असले तरी क्रम वेगळा आहे. तनाखमध्ये तोरा, मग संदेष्टे, मग इतर लेख अशी मांडणी असते आणि शेवट इतिहासाच्या ग्रंथांनी होतो. ‘जुना’ हा शब्दही आपला नव्हे. एवढे ध्यानात ठेवले तर ते मराठी भाषांतर निःसंकोच वापरावे. आपल्या पणजोबांच्या पिढीनेही तेच केले.

हिब्रू लिपीची भीती बाळगण्याचे कारण नाही. अक्षरे २२ आहेत, लेखन उजवीकडून डावीकडे चालते, आणि स्वरांसाठी अक्षरांच्या खाली-वर ठिपके व रेघा देतात; काना, मात्रा, वेलांटी लहानपणापासून लावणाऱ्या माणसाला ही कल्पना लगेच उमगते. मला रोज वीस मिनिटे देऊन सिद्दूर या प्रार्थनाग्रंथातील ओळी सावकाश वाचता येण्यास सुमारे चार महिने लागले. पंचांगाचेही तसेच. महिने चंद्राचे, वर्ष सूर्याशी जुळवलेले, आणि त्यासाठी १९ वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतात. आपल्याकडे अधिक मास घराघरात माहीत असल्यामुळे सण दरवर्षी मागेपुढे का होतात हे मुलांना समजावणे सोपे जाते. दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, ही गोष्ट मात्र मला पहिले वर्षभर सारखी चुकवत राहिली. हेबकॅल या संकेतस्थळावर आपल्या गावानुसार शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाचा, दिवा लावण्याची वेळ मिळते.

ज्यांना शक्य आहे त्यांनी अलिबागला जावे. इस्राएल आळीतले मागेन आबोथ व रेवदंड्याचे बेथ एल ही सिनेगॉग, नवगावची जुनी दफनभूमी आणि एलियाहू हन्नाबीच्या रथाची खूण म्हणून दाखवला जाणारा खडक, हे सर्व एकाच मुक्कामात पाहता येते. पण प्रवासापेक्षा जवळच्या सिनेगॉगमध्ये शुक्रवारी संध्याकाळी नियमाने जाणे अधिक उपयोगी पडते. दहा पुरुष जमवताना अनेक ठिकाणी आज अडचण होते. आपण काही येत नसतानाही केवळ उभे राहिलो तरी इतर कोणाला आपल्या आईसाठी कद्दीश म्हणता येते.

सध्या मी आत्याची एक वही टंकलिखित करतो आहे. तोरातील कथांवर मराठीतून कीर्तने करण्याची रीत आपल्या समाजात १८८० च्या सुमारास सुरू झाली, आणि आत्याच्या आईने ऐकलेली पदे या वहीत उतरवून ठेवलेली आहेत. आब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्याने साकी, दिंडी आणि ओवीत आहेत. काही ओळींतील हिब्रू नावे वृत्तात बसावीत म्हणून ओढून लांबवलेली आहेत, आणि ती कोठे लांबवायची ते कागदावर दिसत नाही. अर्धी वही झाली आहे. उरलेली मी रविवारी आत्याच्या घरी जाऊन तिच्यासमोर बसूनच करतो, कारण चाल आता तिला एकटीलाच येते.