वीणेचा पहारा आणि खांबावरचा कॅमेरा

चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात गेल्या चैत्रात अखंड हरिनाम सप्ताहाच्या चित्रीकरणाची ऑर्डर मी घेतली होती. रामनवमीला गळ्यात घेतलेली वीणा हनुमान जयंतीला काल्याचे कीर्तन झाल्यावरच खाली उतरते, आणि तोवरचा प्रत्येक तास, रात्रीचाही, मोबाइलवर दिसावा अशी सुरतला उधना-लिंबायत भागात राहणाऱ्या गावकऱ्यांची मागणी होती. रात्रपाळीसाठी माझा माणूस ठेवायला पंचांनी साफ नकार दिला. मंडपाच्या कमानीवर सढळ हाताने खर्च करणारी हीच मंडळी कॅमेऱ्यामागच्या माणसाची मजुरी निघाली की पैशा-पैशाचा हिशेब करतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. तेव्हा हालचाल ओळखून स्वतःच वळणारा पीटीझेड कॅमेरा मी सभामंडपातल्या खांबावर बसवला, त्याला इन्व्हर्टर जोडला आणि रात्री घरी झोपायला जाऊ लागलो.

यंत्रावर सोडलेले काम बिनकष्टाचे असते, हा लोकांचा गैरसमज आहे. सेकंदाला 8 मेगाबिट या दराने तासाला 3.6 जीबी, म्हणजे दिवसाला सुमारे 86 आणि सात दिवसांचे 600 जीबीहून अधिक चित्रीकरण साठते. यूट्यूब बारा तासांच्या आतलेच थेट प्रक्षेपण आपोआप जपून ठेवते, म्हणून पहाटे काकड्याच्या वेळी आणि पुन्हा संध्याकाळी हरिपाठाआधी ते बंद करून नव्याने सुरू करावे लागे. पहिल्या रात्रीच्या कीर्तनात तर कॅमेऱ्याने माझी अब्रूच घालवली. महाराज एका जागी उभे राहून निरूपण करीत होते आणि मागे टाळकरी पावल्या खेळत होते; जिथे हालचाल अधिक तिथे वळण्याची शिकवण असलेल्या त्या कॅमेऱ्याने एका धिप्पाड टाळकऱ्याचा पिच्छा धरला आणि पाऊण तास महाराजांचे केवळ कोपर दाखवले. दुसऱ्या दिवशी मी पाठलागाची हद्द आखून दिली, कीर्तनाची, वीणेची आणि पारायणाची अशा तीन जागा कायम केल्या, आणि हद्दीत कोणीच नसेल तर कॅमेऱ्याने वीणेच्या जागेवर परतावे अशी व्यवस्था केली. या व्यवस्थेचा मला अभिमान होता, आणि पुढचे सारे तिच्यामुळेच इतके स्वच्छ दिसले.

वीणेचा पहारा दोन-दोन तासांचा होता. मावळणारा आणि उगवणारा पहारेकरी एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, आणि मधे ती जमिनीला टेकत नाही. दारातल्या फळ्यावर खडूने यादी लिहिलेली असे. त्या आठवड्यात शेतीपंपांची वीज रात्रीची होती आणि चैत्रातल्या केळीला पाण्याची एक पाळीही चुकवून चालत नाही, हे पंचांपैकी एकालाही यादी करताना आठवले नाही, याचे मला आजही नवल वाटते; सारे स्वतः केळीवाले आहेत.

चौथ्या रात्रीचे चित्रीकरण, वीज जाऊन कुठे खंड पडला का हे पाहण्यासाठी, मी सकाळी वेगाने पुढे सरकवत होतो. बारा ते दोनचा पहारा सत्तरी ओलांडलेल्या एका आप्पांचा होता. दोन वाजता कोणी आले नाही. अडीचला आप्पा नाम न थांबवता दाराकडे पाहू लागले. तीन वाजून बारा मिनिटांनी त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढून चौघडी घालून पाटावर पसरले, त्यावर वीणा हलकेच आडवी ठेवली आणि ते जवळजवळ धावतच बाहेर गेले.

कॅमेरा त्यांच्यामागे दारापर्यंत वळला, हद्द संपल्यावर थबकला आणि ठरवून दिल्याप्रमाणे परत येऊन रिकाम्या जागेवर स्थिरावला. शांतता झाली की माइकची पातळी आपोआप वाढते, त्यामुळे आधी पंख्याची खरखर, मग कुत्र्यांचे भुंकणे आणि शेवटी बाहेरच्या रांजणातून तांब्याने पाणी घेतल्याचा आवाजही स्पष्ट ऐकू आला. अकरा मिनिटांनी आप्पा हातपाय धुऊन आले, वीणेपुढे आडवे झाले, दोन्ही कान धरले आणि मग वीणा गळ्यात घालून काकड्यापर्यंत, म्हणजे पाच वाजेपर्यंत, उभे राहिले. त्या वेळी प्रक्षेपण पाहणारे दोघे होते, असे नोंदीत दिसत होते. त्यांतला एक माझाच उशाशी चालू राहिलेला मोबाइल होता. दुसरा कोण, हे मला कळलेले नाही.

ते प्रक्षेपण मी तत्काळ खाजगी केले. प्रश्न हार्ड डिस्कचा होता, कारण पंचांना सातही दिवसांचे संपूर्ण चित्रीकरण संस्थानात ठेवायचे होते. मी त्याच रात्रीची एक वाजतानाची अकरा मिनिटे उचलून तिथे जोडली. मागच्या भिंतीवरचे घड्याळ चोरी उघड करील म्हणून चित्र मोठे करून घड्याळ चौकटीबाहेर काढले. त्यामुळे चित्र थोडे फुटले, पण ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात येईल असे वाटत नाही. लग्नाच्या चित्रफितीत असली जोडकामे मी शेकड्यांनी केली आहेत आणि एकदाही मन खाल्ले नाही.

काल्याच्या दिवशी पंगत उठत असताना आप्पा माझ्याजवळ आले आणि खांबाकडे बोट दाखवून म्हणाले, "भाऊ, हाऊ डोया रातभर जागस का?" मी म्हणालो, "नाही आप्पा, कीर्तन संपलं की बंद करतो." ते काही वेळ खांबाकडेच पाहत राहिले. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला की मी खोटे बोलतो आहे हे ओळखून त्यांनी ते स्वीकारले, हे मला अजून ठरवता येत नाही.

यंदाही पंचांचा निरोप आला आहे. मी रात्री अकरा ते काकडा कॅमेरा बंद ठेवण्याची अट घातली, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मग अखंड कसलं?" आणि उलट दाराकडे तोंड करून दुसरा कॅमेराही लावायला सांगितला. सप्ताहाला तीन आठवडे उरले आहेत आणि मी त्यांना अजून काहीच कळवलेले नाही.