तुम्ही विचारलंत म्हणून: दाराची रुंदी

‘तुम्ही संख्याशास्त्र शिकवता, म्हणजे तुमचे निर्णय चुकतच नसतील! नीट माहिती काढून निर्णय कसा घ्यायचा, सांगा ना.’ कुणाशी नवी ओळख झाली की हा प्रश्न हमखास येतो.

उत्तराआधी आमच्या वॉशिंग मशीनबद्दल सांगायला हवं. ते घेताना मी तीन आठवडे लोकांचे अभिप्राय वाचत होते. आवाज, पाणी, वीज, सगळ्याचा २२ रकान्यांचा तक्ता केला. मशीन आलं, दोघांनी उचलून बाथरूमपर्यंत नेलं आणि तिथेच अडलं. दार ५ सेंटिमीटरने कमी पडत होतं. दाराची रुंदी २२पैकी एकाही रकान्यात नव्हती. नवरा एक शब्द बोलला नाही. आतून मोजपट्टी आणून त्याने माझ्या हातात ठेवली.

तेव्हापासून शोधाशोध करायच्या आधी मी स्वतःला विचारते, काय कळलं तर माझं मत बदलेल? मशीनच्या बाबतीत तसं एकच होतं, आणि ते घरातच मोजता आलं असतं. कधी कधी उत्तर येतं, ‘काहीही कळलं तरी मी हेच करणार.’ मग वाचन तिथेच थांबवते. मनाने आधीच ठरवलेलं असतं, आपण नुसते साक्षीदार जमवत असतो.

आकड्यांचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण शिकलेसवरलेले लोकही इथेच फसतात. ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनमध्ये औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की, काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. आता ‘दुप्पट’ म्हणजे किती? ७,००० बायकांमागे एकीला असलेला धोका दोघींना झाला होता, एवढंच. शिवाय गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. खोटं कुणीच बोललं नव्हतं. फक्त ‘कितीपैकी किती?’ हे लोकांच्या कानांपर्यंत पोचलं नाही.

उलटंही होतं. १९८२मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या शस्त्रक्रियेची तीच आकडेवारी काहींना ‘इतके जगतात’ अशी सांगितली, काहींना ‘इतके दगावतात’ अशी. दुसऱ्या गटात शस्त्रक्रिया निवडणारे बरेच कमी निघाले, आणि त्या प्रयोगात डॉक्टरही होते! म्हणून ‘९० टक्के यश’ ऐकलं की मी ते वाक्य मनात उलटं करून बघते.

बाबांच्या गुडघ्याच्या वेळी तेही पुरलं नाही. ‘यश म्हणजे नक्की काय, डॉक्टर? दुखणं जाणार की जिना चढता येणार?’ असं विचारल्यावर डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि बाबांनाच विचारलं, ‘काका, तुम्हाला काय हवंय?’ बाबा म्हणाले, ‘मांडी घालून बसायचंय.’ ते या ऑपरेशनने होणार नव्हतं. मग मी विचारलं, सहा महिने थांबलो तर? फारसं काही बिघडणार नाही, म्हणाले. आम्ही थांबलो. बरोबर केलं की चूक, मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

फायदे-तोट्यांचे दोन रकाने? अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने १७७२मध्ये आपल्या शास्त्रज्ञ मित्राला, जोसेफ प्रीस्टलीला, पत्रातून तीच युक्ती सांगितली होती. माझं त्यात जमत नाही, आवडती बाजू मी आपोआप लांबवते. पण रकाने तीन-चार दिवस भरत राहायचे, हा त्याचा मुद्दा मी उचललाय. पहिल्या दिवशी फक्त उत्साह असतो, अडचणी तिसऱ्या दिवशी आठवतात. अर्थात हे मोठ्या गोष्टींसाठी. पडद्याचा रंग निवडायला एवढा खटाटोप केला तर जगायचं कधी?

आणखी एक सवय आहे. निर्णय घेतला की तारीख, कारणं आणि काय होईल असं वाटतंय ते वहीत लिहून ठेवते. नाहीतर नंतर ‘मला आधीच माहीत होतं’ म्हणायला आपण मोकळे. पहिल्या पानावर मशीनच आहे. कारणं लिहिलीत : आवाज कमी, पाणी कमी. दोन्ही खरं निघालं. मशीन अजून बाल्कनीत आहे.