तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटी ते दोघे वाचतात कसे?

"त्या काळी अशा माणसांना फासावर चढवत होते ना? मग तुमच्या कादंबऱ्यांत शेवटी दोघं पुरुष सुखाने एकत्र कसे राहतात?" हा प्रश्न इतक्यांदा आलाय की 'त्या काळी' एवढं ऐकलं तरी पुढचं वाक्य मीच पुरं करते. त्याच्या मागोमाग जोडप्रश्न: बाई असून पुरुषांच्याच प्रेमकथा का? त्याला माझं ठरलेलं उत्तर आहे. खुनाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्याला 'किती मुडदे पाडलेत' असं कोणी विचारतं का? लोक हसतात, मी सुटते. उत्तर चलाख आहे, पण खरं नाही. त्याच्याकडे येते.

तर हो, चढवत होते. इंग्लंडात १५३३ च्या कायद्याने फाशीची सोय केली आणि ती १८६१ पर्यंत कायद्यात राहिली. हे मला कोणी शिकवायला नको, माझे महिनेच्या महिने त्या कागदांत जातात. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातले १६७४ ते १९१३ पर्यंतचे जवळपास दोन लाख खटले आता घरबसल्या वाचता येतात. पण त्यात सापडतात ती सापडलेली माणसं. १७२६ मध्ये लंडनमधल्या मदर क्लॅप नावाच्या बाईच्या घरावर धाड पडली, म्हणून तिथे पुरुष एकमेकांना भेटत, नाचत, लटकी लग्नं लावत, हे आपल्याला कळलं. धाड पडली नसती तर त्या घराचा मागमूसही उरला नसता. ज्यांच्या दारावर कधी थाप पडली नाही आणि जे दोघे आपापल्या वेळेला म्हातारे होऊन मेले, त्यांची नोंद कोणी आणि कशाला करायची? बरं, नोंद असलेलेही आहेत की. इंग्रज लेखक एडवर्ड कार्पेंटर आणि त्याचा जोडीदार जॉर्ज मेरिल १८९८ मध्ये मिलथॉर्प या खेड्यात एका घरात राहू लागले. पुरुषांशी संबंध ठेवले म्हणून लेखक ऑस्कर वाइल्डला सक्तमजुरी सुनावली त्याला जेमतेम तीन वर्षं होत होती. १९२८ मध्ये मेरिल गेला तोवर ते एकत्रच होते, आणि आज एकाच थडग्यात आहेत.

तेव्हा सुखान्त म्हणजे फसवणूक, हे मला मान्य नाही. इथवर मी ठाम आहे.

पहिल्या कादंबरीच्या मनोगतात मात्र मी याहून मोठी उडी मारली होती. 'इतिहासाने ज्यांना न्याय नाकारला, त्यांना मी तो देते आहे.' आता ते पान आलं की मी पटकन उलटते. न्याय देणारी तू कोण गं? फाशी गेलेला माणूस फाशीच गेलेला असतो.

तिसरी कादंबरी १८३५ च्या एका खटल्यावरून सुचली. जेम्स प्रॅट मोतद्दार, घरी बायको. जॉन स्मिथ मजूर. लंडनच्या साउथवर्क भागात विल्यम बॉनेल नावाच्या म्हाताऱ्याच्या भाड्याच्या खोलीत दोघे होते. घरमालकाला संशय आला. आधी तो शेजारच्या तबेल्याच्या माळ्यावर चढून खिडकीतून बघत राहिला. मग घरात येऊन त्याने आणि त्याच्या बायकोने किल्लीच्या भोकाला डोळा लावला, आणि मग दार फोडलं. बॉनेल तेव्हा खोलीत नव्हता. थोड्या वेळाने तो परत आला, हातात बिअरने भरलेला जग. त्या जगापाशी मी दरवेळी थांबते. पुढचं सगळं भराभर झालं. कोर्टाच्या त्या सत्रांत फाशी सुनावलेल्या बाकी सगळ्यांची फाशी टळली, या दोघांची नाही. २७ नोव्हेंबरला न्यूगेट तुरुंगाबाहेर दोघांना लटकवलं. इंग्लंडात या गुन्ह्यासाठी झालेली ती शेवटची फाशी. बॉनेलला १४ वर्षं ऑस्ट्रेलियाला हद्दपारी झाली, तो तिकडेच मेला.

मला त्यातलं किल्लीचं भोक हवं होतं. एक जुनं, मोठ्या कुलपाचं दार मिळवलं, गुडघ्यावर बसले आणि एक डोळा मिटून पाहिलं. दिसली एक अरुंद पट्टी: खुर्चीचे दोन पाय, पलंगाची कड, भिंतीचा तुकडा. डोकं हलवलं की पट्टी सरकायची आणि मघाचं जायचं. एवढ्याशा भोकातून त्या नवरा-बायकोने इतकं सगळं पाहिलं? मला शोध लागल्यासारखं झालं. दोन-तीन जणांना फोन करून सांगितलंसुद्धा. मग प्रकरण लिहिलं: बाहेर घरमालकाचा डोळा, आत मेणबत्ती, एकाच्या सदऱ्याची बटणं, दुसऱ्याची बोटं. तीन पानं. मला फार आवडलं होतं ते.

हस्तलिखित एका ज्येष्ठ मित्रांना वाचायला दिलं. सत्तरी उलटलेली, उभं आयुष्य एका माणसाबरोबर काढलेलं. तो गेल्यापासून एकटे. गठ्ठा परत आला तेव्हा त्या प्रकरणाशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'इथे तू कुठे उभी आहेस?'

मला वाटलं, निवेदनाच्या तंत्राबद्दल म्हणतायत. फोनवर मी उत्साहाने समजावायला लागले. ताण कसा वाढतो, नजर घरमालकाची का हवी, मी स्वतः कसं गुडघ्यावर बसून पाहिलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "आम्ही जन्मभर त्या भोकाला पाठ करून बसलो. तू बाहेरून बघतेयस. वर बटणं मोजतेयस."

चार दिवस मी धुमसत होते. मी काय दार फोडणारी आहे? मी तर वाचवते त्यांना! पाचव्या दिवशी आपलं ते चलाख उत्तर आठवलं आणि त्यातली खोच कळली. खुनाच्या कादंबरीतला मुडदा हस्तलिखित वाचून समासात शेरा मारत नाही.

प्रकरण पुन्हा लिहिलं, या वेळी खोलीच्या आतून. माझा नायक आधी एका पायातला मोजा काढतो आणि किल्लीच्या भोकात त्याचा बोळा कोंबतो. घरमालकाला अंधार दिसतो. दोघे वाचतात.

लिहिताना आणखी एक कळलं, जे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं. हेन्स्ली वेजवुड या दंडाधिकाऱ्याने दोघांच्या दयेसाठी गृहमंत्र्यांना लिहिलं होतं. त्याचा मुद्दा असा की हे गरिबीमुळे पकडले गेले. ज्याला स्वतःची जागा आहे तो सहसा सापडत नाही. आमच्या या प्रकारच्या कादंबऱ्यांत उमराव फार, अशी थट्टा होते. थट्टा मीही केलीय. पण उमरावाच्या घराला दारं असतात, त्यांना आतून कड्या असतात, आणि प्रेमकथेला आधी कडी लागते. नोकरही असतात म्हणा, आणि नोकरांनाही डोळे असतात. ते आम्ही सोयीने विसरतो.

नवं प्रकरण घेऊन मी स्वतः गेले. त्यांनी तिथेच वाचलं, चष्मा काढला.

"चांगलं झालंय. पण हा बोळा त्याने घातला की तू?"

"मी."

"हं," म्हणाले, आणि पानं सारखी करून परत दिली. ते बरं म्हणत होते की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुस्तक निघालं, बोळ्यासकट. नावं बदललेली आहेत. म्हातारा भाडेकरू मात्र मी कादंबरीत घेतलाच नाही. चारदा लिहून पाहिला. दरवेळी तो बिअरचा जग सांभाळत जिना चढायला लागतो, आणि त्याला वर कोण भेटणार हे मला बदलता येत नाही.