जळून जाणारी सही

पोळा होऊन तीन आठवडे झाले तरी माझ्या मोबाईलमध्ये अजून मारबतच भरलेली आहे आणि फोन रोज सांगून राहिला की स्टोरेज फुल झालं. घरचे म्हणतात डिलीट कर. कसं करू, ते आमचं संशोधन आहे ना बाप्पा!

झालं असं की मी मराठी शिकवतो, एक कॉम्प्युटरवाले सर आहेत आणि एक समाजशास्त्राच्या मॅडम, तिघंही वेगवेगळ्या कॉलेजचे. एका सकाळी तर्री पोहे खाता खाता आम्ही ठरवलं की बडग्यांवरच्या पाट्या गोळा करायच्या. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महाल भागातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, निघतात. काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून असं सांगतात. सोबत बडगे असतात, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि त्या वर्षी लोकांना ज्याचा त्रास झाला त्याची पाटी त्यांच्यावर. महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, काहीही. 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडत सगळं वाजतगाजत न्यायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. म्हणजे दरवर्षी एवढी कल्पक पाटी लिहायची आणि संध्याकाळपर्यंत राख. आता मात्र ती रीलमध्ये उरते, म्हणून आम्हाला वाटलं की चला, हे डिजिटल संस्कृतीचं काम आपल्या घराशेजारीच आहे.

तर याला म्हणतात आंतरविद्याशाखीय. हा शब्द एका दमात म्हणून दाखवा. 2020 चं शिक्षण धोरण आल्यापासून प्रत्येक सेमिनारच्या बॅनरवर तो असतो, स्टेजवर चार विषयांचे चार जण बसतात, आपापलं पीपीटी दाखवतात, शाल-श्रीफळ घेतात आणि जेवून घरी जातात. एकानेही दुसऱ्याला 'तुम्ही हे काहून असं म्हणता' म्हणून विचारलेलं मी तरी पाहिलं नाही.

बाहेर खरी नेटवर्क्स आहेत, आणि ती वाचून वाचूनच आम्हाला ही खाज सुटली. अमेरिकेत 2002 मध्ये कॅथी डेव्हिडसन आणि डेव्हिड थिओ गोल्डबर्ग यांनी हॅस्टॅक नावाचं नेटवर्क काढलं, त्यात साहित्यवाले, कलावाले, विज्ञानवाले, तंत्रज्ञानवाले सगळे, आणि नावाचा उच्चार करतात हेस्टॅक, म्हणजे तणसाचा ढीग! त्याच्याही आधी 1999 मध्ये इंटरनेटवर संशोधन करणाऱ्यांची जागतिक संघटना निघाली. आपल्याकडे दिल्लीत सीएसडीएस या समाजशास्त्राच्या संशोधन संस्थेत त्याच सुमारास सराय नावाचं शहर आणि मीडियाच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं, त्यांचं मला आवडलेलं म्हणजे प्राध्यापक नसलेल्या लोकांनाही ते शहरावर, मीडियावर काम करायला छोटी फेलोशिप द्यायचे.

असो. आमचं नेटवर्क म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक एक्सेल शीट. आणि भांडण झालं ते त्या शीटच्या तिसऱ्या रकान्यावरून.

पहिला रकाना तारीख, दुसरा पाटीवरचा मजकूर, तिसरा कोणाची पाटी. मी म्हटलं लेखक लिहा. मॅडम म्हणाल्या लेखक कोण, कल्पना गल्लीतल्या पोराची, पैसे मंडळाचे, अक्षरं पेंटरची, आणि विचारायला गेलं तर अध्यक्ष स्वतःचंच नाव सांगणार. सर म्हणाले मला एकच नाव द्या आणि रकाना रिकामा नको, नाहीतर सॉफ्टवेअर पुढे जात नाही. यावर आमचे दोन रविवार गेले. बायको म्हणाली, तिघं मिळून एक रकाना भरत नाही आणि म्हणे पीएचडी.

पण तो रकाना साधा नाही हो. कॉम्प्युटर आणि साहित्य जोडणाऱ्या या क्षेत्राचा आजोबा म्हणून इटलीतल्या रोबेर्तो बुसा या पाद्र्याचं नाव घेतात, 1949 मध्ये ते आयबीएमच्या थॉमस वॉटसनला भेटले आणि थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या सगळ्या लिखाणाची शब्दसूची पंचकार्डांवर, म्हणजे यंत्राला वाचता यावीत म्हणून भोकं पाडलेल्या कार्डांवर, करायला घेतली. तीसेक वर्षांनी 56 खंड झाले. ती कार्डं कोणी पंच केली? इटलीतल्याच गालाराते गावातल्या तरुण पोरींनी. त्यांची नावं कुठेच नव्हती, कितीतरी वर्षांनी संशोधकांनी जुने फोटो धुंडाळून ती शोधायला घेतली.

आणि याच्या बरोबर उलट काम आपल्या महाराष्ट्रात झालंय, ते मी दर वर्षी वर्गात सांगतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर! पुढे बर्नार्ड बेल नावाचा फ्रेंच माणूस त्यांना येऊन मिळाला, कॉम्प्युटर आणि संगीत दोन्हीतला, आणि त्याचा डेटाबेस उभा राहिला. 2017 पासून त्या ओव्या पारीच्या, म्हणजे पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, साइटवर येतात. तिथे ओवीखाली बघा, गाणारीचं नाव, गाव, तालुका, जात, वय, मुलं किती, काम काय करते, सगळं असतं. ओवी परंपरेची म्हणून 'अनामिक' लिहून मोकळं होता आलं असतं, मराठीवाल्यांनी तर नक्कीच केलं असतं (आम्ही तेच करतो). म्हणून मी हट्टाला पेटलो होतो की आपल्यालाही नाव पाहिजे.

मग एक गंमत झाली. सरांचा प्रोग्राम फोटोतली अक्षरं वाचतो. मोठी अक्षरं बऱ्यापैकी वाचतो पण काही फोटोंत शेवटी एक विचित्र ओळ यायची, अर्धी अक्षरं अर्धे आकडे, आणि सरांनी ती कचरा समजून सगळीकडून उडवायची सोय करून ठेवली होती. एकदा मॅडमच्या नजरेला ती ओळ पडली. त्या म्हणाल्या, सर हा तर मोबाईल नंबर आहे. म्हणजे ती पेंटरची सही होती! पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव आणि नंबर, पुढच्या कामासाठी. आणि ती फक्त आडव्या फोटोंत दिसते, रील उभी काढतात, मधे नाचणारी पोरं आली की पाटीचे दोन्ही कोपरे कापले जातात. म्हणजे इन्स्टावर मारबत लाखो लोकांपर्यंत पोचली आणि पेंटर फ्रेमच्या बाहेर. हे आमच्यातल्या एकालाही एकट्याने कळलं नसतं. सर कचरा म्हणून टाकत होते, मी मजकुरातले यमक बघत होतो, आणि मॅडमला यंत्राचं उत्तर कधी दिसलंच नसतं.

मी तर हवेतच होतो. सापडला ना तिसरा रकाना!

गेलो मग एका पेंटरकाकांकडे. नंबर लावला, दुकानात बोलावलं, चहा पाजला, ब्रश आता कमी झाला सगळं फ्लेक्सवर गेलं वगैरे खूप बोलले. पाटीचा फोटो दाखवला तर खूश झाले. मग मी सांगितलं की काका, तुमचं नाव यात कायमचं राहील, कोणीही शोधलं की सापडेल. तर त्यांचा चेहराच बदलला.

'नाव नका टाकू सर. ज्याच्यावर ही पाटी आहे त्याच्या वाढदिवसाचं काम माझ्याकडेच येते.'

'पण काका, सही तर तुम्हीच केली ना पाटीवर?'

'ती काय, संध्याकाळी जळते ना.'

मॅडमला सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, हेच तर त्या इंटरनेटवाल्या संघटनेच्या 2002 च्या नैतिक नियमांपासून चालू आहे, एखादी गोष्ट सगळ्यांना दिसते म्हणजे ती उचलायची परवानगी असते असं नाही, ती करणाऱ्याने कोण बघेल असं धरलं होतं ते विचारा. मी ते वाचलं होतं, दोनदा शिकवलंही होतं. तेव्हा माझ्या डोक्यात फेसबुकच्या पोस्टी होत्या, इतवारीतल्या रंगाच्या डब्याजवळ बसलेला माणूस नव्हता.

आता परत तिसऱ्या रकान्यावर आलोय. मॅडमचं म्हणणं की दोन शीट करू, नावांची वेगळी ठेवू आणि प्रत्येकाला विचारूनच उघडू, म्हणजे इतवारीत दारोदार फिरणं आलं. माझं म्हणणं अजून पक्कं नाही, ओव्यांमधल्या बायांची नावं डोक्यातून जात नाहीत आणि काकांचा चेहराही जात नाही. सरांनी तोवर काकांच्या पाटीसमोर एक टिंब टाकून ठेवलंय, कारण रिकामं सोडलं की सॉफ्टवेअर अडते.